क्षणजीवी वायूची मोजदाद

मोटारींच्या धुरातील उपद्रवी घटक म्हणून ज्याची ख्याती, तो नायट्रिक ऑक्साइड वायू आपल्या रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरात अहोरात्र निर्माण होतो आणि भोवतालच्या स्नायूंना सैल होण्याचा हुकूम पोहोचवतो, ही गोष्ट निर्विवादपणे सिद्ध व्हायला विसाव्या शतकाचे नववे दशक उजाडावे लागले.

न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत असता त्यांच्या ध्यानी आले, की पट्टी तयार करताना आतला नाजूक पेशीस्तर घासला गेला, तर ॲसिटिलकोलीनने ती सैल पडेनाशी होते. मात्र अशी सोललेली पट्टी, स्तर शाबूत असलेल्या पट्टीला आतल्या अंगाने भिडवून ठेवली, की तीही सैलावते. स्तरातून काहीतरी पाझरत होते, हे 1980 साली त्यांनी प्रसिद्ध केले. पण ते काही सेकंदांतच नाहीसे होई आणि हिमोग्लोबिनच्या सान्निध्यात निष्प्रभ ठरे. हा नायट्रिक ऑक्साइडच असावा, असा तर्क 1986 साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे मांडला.

तथापि गुणसाम्य म्हणजे पुरावा नव्हे. इंग्लंडमध्ये साल्वादोर मोंकादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीतून वाढविलेल्या पेशींनी सोडलेला वायू ओझोनशी संयोग पावू दिला. त्या संयोगातून उपजणारा नायट्रोजन डायऑक्साइड उत्तेजित असतो व शांत होताना क्षीण प्रकाश सोडतो. संवेदनशील नळीने मोजलेल्या त्या प्रकाशावरून वायूचे जे प्रमाण निघाले, ते धमनीच्या शैथिल्याची उपपत्ती लावण्यास पुरेसे आहे, हे 1987 साली दाखविल्यावरच तर्काला प्रमाणाचे अधिष्ठान लाभले. 1998 चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळाले.

आज दम्याच्या रुग्णाच्या उच्छ्वासातील हाच वायू अब्जांशांत मोजतात. परंतु श्वास संथ सोडला तर आकडा वाढतो, म्हणून सेकंदाला 50 मिलिलिटर हा वेग मुक्रर केलेला आहे. शरीरातच तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या दुसऱ्या वायूच्या बाबतीत तर रक्तातील जुन्या नोंदी बऱ्याच फुगलेल्या निघाल्या, कारण मापनासाठी वापरलेले आम्लच प्रथिनांशी बांधलेला गंधक मोकळा करीत होते. म्हणून अशा वायूविषयी कोणताही आकडा ग्राह्य मानण्यापूर्वी तो कोणत्या रीतीने मिळविला याची शहानिशा करणे, हे संशोधकाचे, वैद्याचे आणि जिज्ञासू वाचकाचेही कर्तव्य आहे.