निवळ पाणी आणि निर्मळ पाणी

नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्यात, नवेगाव खैरी येथे, पेंच नदीचे पाणी धरण बांधून अडविले आहे. नागपूर शहराची तहान बरीचशी याच पाण्याने भागते. परंतु ते घरोघरी सोडण्यापूर्वी जलशुद्धीकरण केंद्रात नेतात. तेथे तुरटीने त्यातील गाळ खाली बसवितात, वाळूच्या थरांतून ते गाळतात आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. पावसाळा सरल्यावर जे पाणी डोळ्यांना निवळ दिसते, त्यासाठीही हा खटाटोप चालूच असतो. तो कशासाठी?

ज्यावर मळ दिसत नाही ते स्वच्छ, अशी पुष्कळांची समजूत असते. सारवलेले अंगण, घासलेली भांडी, धुतलेले कपडे ही स्वच्छतेची लक्षणे खरीच. पण आरोग्याच्या दृष्टीने स्वच्छतेचा अर्थ याहून खोल आहे. रोगाचे बीज ज्या वाटेने शरीरात शिरते ती वाट बंद करणे, म्हणजे स्वच्छता. ही वाट बहुधा दिसत नाही.

पूर्वी महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत नारू नावाचा रोग होता. रोग्याच्या पायावर फोड येई, तो फुटे आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा, दोन-तीन फूट लांबीचा कृमी बाहेर पडू लागे. तो काडीला गुंडाळीत रोज थोडाथोडा ओढावा लागे. घाई केली की तुटे आणि जखम चिघळे. ऐन पेरणीच्या दिवसांत धडधाकट शेतकरी आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राही.

हा कृमी येई कोठून? पायाची आग शमविण्यासाठी रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाय पाण्यात बुडवी. त्याच क्षणी कृमीची मादी हजारो सूक्ष्म अळ्या पाण्यात सोडी. पाण्यातील अगदी बारीक किडे त्या अळ्या गिळीत आणि तेच पाणी इतर लोक घागरी भरून नेत. पिणाऱ्यास त्या वेळी काहीच जाणवत नसे. सुमारे वर्षभराने त्याच्या पायावर फोड येई. मध्ये इतका काळ लोटल्यावर पाण्याचा संशय कोणास यावा?

नारूवर औषध नव्हते व लसही नव्हती. तरीही तो गेला. १९८०नंतरच्या दशकात देशभर त्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. पाणी दाट विणीच्या फडक्याने गाळून प्यावे, रोग्याने पाण्यात उतरू नये, हे आरोग्यसेवकांनी घरोघरी सांगितले. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. देवीचा रोग लसीने गेला, नारू मात्र फडक्याने गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

अर्थात फडक्याचे सामर्थ्य तेवढेच. त्यात किडे अडकतात. पटकी, विषमज्वर यांचे जंतू त्याहून कितीतरी लहान असल्यामुळे आरपार निघून जातात. शौचावाटे बाहेर पडलेले हे जंतू हातांवरून, माश्यांच्या पायांवरून किंवा गळक्या नळातून पुन्हा तोंडापर्यंत पोहोचतात. म्हणून शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावे लागतात. नुसत्या पाण्याने हातांवरचा चिकटपणा जात नाही आणि त्यात दडलेले जंतूही जात नाहीत. शुद्ध केलेले पाणीसुद्धा घरच्या माठात पेला व बोटे एकदमच बुडविल्याने बिघडते. जुन्या घरांत माठाजवळ लांब दांड्याचे ओगराळे असे, त्याचा उपयोग येथे ध्यानात येतो.

खेड्यांतील पाण्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ब्लीचिंग पावडर टाकतो. ती टाकताच पाणी पिण्याजोगे होत नाही. जंतू मरण्यास निदान अर्धा तास लागतो. नंतर तो गावाच्या टोकाच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घेतो व त्यात औषधाचे काही थेंब सोडतो. पाण्यास पिवळसर छटा आली, तर क्लोरीन तेथवर पोहोचले आहे असे समजते. छटा आली नाही, तर पाणी कितीही निवळ दिसो, पावडर पुन्हा टाकावी लागते.