माणिकबागेच्या मागावर

परदेशाहून परतलेला मनुष्य पहिले काही महिने भेटेल त्याला प्रवासाची कथा ऐकवीत सुटतो. पुढे श्रोते आटतात, छायाचित्रे संगणकाच्या कुठल्याशा कप्प्यात पडून राहतात, आणि बरीच वर्षे लोटल्यावर, कोणी विचारीत नसतानाही, जे मुक्काम आपण होऊन स्मरणात वर येतात, त्यांनाच आवडीचे म्हणावयास हरकत नसावी. 2019 च्या श्रावणात आम्ही उभयता इंदुराहून निघालो ते दिवाळीच्या तोंडावर परतलो. त्या भ्रमंतीचा जमाखर्च आज मांडू जाता पुष्कळशी बडी नावे खर्ची पडलेली दिसतात, आणि शिल्लक उरतात ती अशी ठिकाणे की ज्यांतले एकही निघताना आमच्या यादीत नव्हते.

यादी मुळीच नव्हती असे म्हटले तर ते दफ्तरी दृष्ट्या असत्य ठरेल. प्रवेशपरवान्याच्या अर्जासोबत रात्रीच्या निवासाचे दाखले जोडावे लागतात, त्यामुळे कागदोपत्री आमचा प्रवास एखाद्या सुभेदाराच्या दौऱ्याप्रमाणे तारीखवार बांधलेला होता. प्रत्यक्षात जाण्याचे व येण्याचे विमान एवढाच काय तो पक्का बंदोबस्त, आणि मधला सारा काळ रेल्वेच्या वेळापत्रकाच्या व सौभाग्यवतींच्या गुडघ्यांच्या अखत्यारीत.

एडिंबरोस आम्ही गेलो ते केवळ लंडनच्या अनपेक्षित उकाड्याला कंटाळून. किल्ल्याच्या चढणीवर एक बुरूजवजा इमारत आहे. तिच्या माथ्यावरील अंधाऱ्या खोलीत भिंग व आरसा यांच्या योगे भोवतालच्या नगराचे हलते प्रतिबिंब एका पांढऱ्या मेजावर उतरते, आणि दाखविणारा प्रेक्षकांच्या हाती कागदाचे कपटे देतो. सौभाग्यवतींनी आपल्या कपट्यावर रस्त्याने चाललेला एक छत्रीवाला गृहस्थ अलगद उचलून घेतला आणि तो बिचारा काही पावले अधांतरी चालला. ही इमारत पॅट्रिक गेडीसांची, हे तेथे गेल्यावर कळले. इंदूरचे संस्थानिक तुकोजीराव महाराज, म्हणजे तिसरे तुकोजीराव, यांनी ज्यांना नगररचनेसाठी पाचारण केले, ज्यांनी 1918 साली इंदुराविषयीचा दोन खंडांचा अहवाल सादर केला, आणि प्लेगाच्या त्या दिवसांत दिवाळीच्या मिरवणुकीत रोगाच्या उंदराची अजस्र प्रतिमा फिरवून साऱ्या शहराकडून घरेदारे झाडून घेतली, तेच हे गेडीस. स्वच्छतेत देशात प्रथम आल्याचे फलक आज आमच्या शहरात चौकाचौकांत झळकतात. त्या झाडलोटीचा आद्य मुकादम ह्या चढणीवर राहत होता, हे समजल्यावर युरोपात इंदूर धुंडाळण्याचा आम्हांस नादच लागला.

त्या नादापायी ऑक्सफर्डास जाऊन तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव महाराज जेथे शिकले ते ख्राइस्ट चर्च महाविद्यालय पाहिले. परंतु तेथील रांगा एका जादूगार मुलाच्या चित्रपटांमुळे गाजलेल्या भोजनगृहासाठी होत्या, आणि दोन प्रहरांच्या आत आम्ही परतलो. बर्लिनविषयीही विस्तार करीत नाही. उपनगरातील निकोलासझे येथे हेर्मान मुथेझिउस या नामांकित वास्तुविशारदाची घरे झाडीत दडलेली आहेत; त्याचा पुत्र एकार्ट पंचविशीच्या आसपास असताना यशवंतरावांनी त्याच्यावर माणिकबाग राजवाड्याचे काम सोपविले. जर्मनीत घडविलेले दारे-खिडक्यांचे साहित्य जहाजाने मागवून 1930 ते 1933 या काळात त्याने काच व पोलाद यांचा असा प्रासाद उभा केला, की ज्यात वातानुकूलनाचीही तजवीज होती.

पुढे कोठे जावे याचा निर्णय बर्लिनच्या स्थानकावर झाला. माणिकबागेतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशीचे पक्षी, आणि ब्रांकुशी मूळचा रुमानियाचा, एवढे मी बोललो मात्र, “अहो, त्याचे पक्षी आपल्या गावी येऊन राहून गेले, मग त्याच्या गावी आपण जायला नको का?” असा सवाल आला, आणि त्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते. बुखारेस्टहून क्रायोव्हामार्गे जाणारी संथ गाडी मक्याच्या शेतांमधून डुलत डुलत तिर्गु जिऊस पोचली, आणि एका रात्रीपुरते घेतलेले बिऱ्हाड आम्ही पुनःपुन्हा लांबवीत राहिलो.

हकीकत अशी. ब्राँझचा एक, काळ्या संगमरवराचा एक व पांढऱ्या संगमरवराचा एक, असे ‘अवकाशातील पक्षी’ यशवंतरावांनी खरीदले, आणि त्या तिघांसाठी जलाशयासह एक ध्यानमंदिर इंदुरात उभारण्याचे योजिले. ह्या कामी ब्रांकुशी 1937 सालच्या सरतेशेवटी स्वतः इंदुरास येऊन राहिला. परंतु त्याच वर्षी यशवंतरावांच्या पत्नी संयोगिताराणीसाहेब स्वित्झर्लंडात निवर्तल्या होत्या. योजना पुढे सरकेना, आणि काही आठवड्यांनी शिल्पकार आला तसा परतला. मंदिर कागदावरच राहिले. तिर्गु जिऊचे काम मात्र ह्याच हंगामातले. 1916 साली जिऊ नदीच्या तीरावर शहराचे रक्षण करताना पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ तेथील महिला-मंडळाने ते त्याच्याकडून करवून घेतले, आणि 1938 च्या ऑक्टोबरात ते लोकार्पण झाले.

नदीकाठच्या सार्वजनिक बागेत दगडाचे एक वर्तुळाकार मेज व त्याभोवती बारा बैठका; तेथून थोड्या अंतरावर चुंबनद्वार नावाची चौकोनी कमान; आणि वीरांच्या नावाचा सरळ रस्ता धरून गावाच्या दुसऱ्या टोकास गेले असता बिडाच्या मण्यांवर मणी रचून केलेला, पितळी झळाळीचा, सुमारे 30 मीटर उंचीचा अनंत स्तंभ. त्याचा शेवटचा मणी अर्धाच ठेवलेला आहे, त्यामुळे खालून पाहणाराची नजर तेथे न थांबता तशीच वर जाते. शनिवारी त्या कमानीखालून जाण्यासाठी नवपरिणीत जोडप्यांची रीघ लागली होती. एका वधूचा पायघोळ झगा बाकाच्या कोपऱ्यास अडकला, तिची आई दाताने दोरा तोडीत तो तेथेच शिवू लागली, आणि वऱ्हाडी मंडळी तोवर द्राक्षे खात उभी राहिली.

हे दृश्य पाहताना एक विचार मनात आला, तो रसिकांस रुचेल असे नाही. आमचे मंदिर झाले असते तर ते एका राजाचे खासगी ध्यानस्थान झाले असते, त्याच्या दारावर पहारा बसला असता, आणि संस्थान विलीन झाल्यावर पक्ष्यांच्या वाट्यास जे आले तेच भिंतींच्याही वाट्यास आले असते. तिर्गु जिऊच्या शिल्पांस कोणी वारस नव्हता, म्हणून ती जागची हलली नाहीत. 2024 साली त्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाल्याचे वृत्त वाचले, तेव्हा ती शिवणकाम करणारी बाई प्रथम आठवली.

पॅरिसला पोचलो तो सप्टेंबर सरत आला होता, आणि तेथे योगायोगाने आमच्याच महाराजांचे प्रदर्शन नुकतेच खुले झाले होते! रिव्होली रस्त्यावरील अलंकृत कलांच्या संग्रहालयात बुते द मोंव्हेलने चितारलेले, काळा झगा पांघरलेले यशवंतराव, रूलमानचे लाकूडकाम, आणि आयलीन ग्रेची ती झुकती खुर्ची, जी पाहून “ह्यात बसल्यावर उठायचं कसं?” असा व्यवहारी प्रश्न शेजारून आला. हे सामान 1980 साली मोंटे कार्लोस लिलावात फुटले आणि ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात गेले. ते एका छताखाली पाहून डोळे निवले, पण मन तितकेसे प्रसन्न झाले नाही, कारण सामान होते तरी ते घर नव्हते. आम्ही इंदूरचे, असे पहारेकऱ्यास सांगून पाहिले. त्याने सौजन्याने पुढच्या दालनाची वाट दाखविली.

त्याहून समाधान लाभले ते पाँपिदू केंद्रासमोर पुनर्रचित केलेल्या ब्रांकुशीच्या कार्यशाळेत. मृत्यूपूर्वी त्याने ती फ्रान्स सरकारच्या स्वाधीन केली ती, आहे तशी ठेवावी, ह्या अटीवर. काचेपलीकडे कानशी व करवती भिंतीवर ओळीने टांगलेल्या, आणि प्लास्टरचे पक्षी आपल्या जागी. उपनगरात तुकोजीरावांनी खरेदी केलेला एनमाँचा वाडा बाहेरूनच पाहिला. तेथे आता मुले शिकतात.

आमच्या माणिकबागेत आज केंद्रीय कराचे दफ्तर आहे, आणि ज्याला तेथे काम आहे तो आत जातो. संगमरवराचे ते दोन पक्षी ऑस्ट्रेलियन सरकारने 1973 साली विकत घेतले. ते कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. कॅनबेरा हे गाव असे आडमार्गाला, की भटकता भटकता तेथे कोणी पोचण्याचा संभव नाही. त्यासाठी रीतसर आखणी करावी लागेल, तारखा ठरवाव्या लागतील, आणि आमच्या घरी त्या विषयाची वाटाघाट अद्याप गुडघ्यांपाशी अडली आहे.