वीतभर साईडपट्टी

माझ्या आठवणीत आमच्या गावातून जाणारा रस्ता चार वेळा उंच झाला. दर वेळी कार्पेट आलं, रोलर फिरला, कुणीतरी नारळ फोडला. कडेच्या साईडपट्टीवर मात्र कधी एक पाटी मुरूम पडला नाही. वर डांबराचे थर चढत गेले आणि खाली दर पावसाळ्यात कडा धुपत गेली. एका दिवाळीनंतर सकाळी डेअरीत दूध घालून येताना मी खाली बसलो आणि डांबराच्या कडेला हात लावला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत अख्खी वीत उभी बसली.

या एका वितीने काय होतं ते सांगतो. हायस्कूलच्या वेळेला मुली सायकलवरून डाव्या कडेने येतात. हंगाम असला की मागून उसाचा ट्रॅक्टर येतो, एकामागे एक दोन ट्रॉल्या लावलेला. हॉर्न ऐकून मुलगी सायकल खाली घेते. उतरताना एक दणका बसतो, दप्तर उडतं, एवढंच. खरी अडचण वर चढताना येते. पहिली ट्रॉली गेली की तिला वाटतं, गेला एकदाचा. ती हँडल थोडंसं उजवीकडे घेते. पुढचं चाक डांबराच्या कडेला तिरपं लागतं आणि चढायचं सोडून कडेला घासत राहतं. चाक अडलेलं, अंग मात्र उजवीकडे झुकलेलं. मग पोर शेताकडे पडत नाही, रस्त्याकडे पडते. आणि दुसरी ट्रॉली अजून जायची असते.

आमच्याकडची मुलगी अशीच पडली. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक दाबला म्हणून ढोपरावर निभावलं.

त्या रात्री गावाने गावाचा उपाय केला. पडक्या भिंतीचा राडारोडा आणि उरलंसुरलं डांबर घालून शाळेसमोर एक आणि एसटी थांब्याजवळ एक असे दोन बांध घातले. मीही पाट्या उचलल्या, कबूल करतो. आठवडाभरात दूधवाल्याची मोटारसायकल कँडांसकट आडवी झाली. त्याहून वाईट गोष्ट नंतर लक्षात आली. तो बांध चुकवायला सगळ्या मोटारसायकली त्याच्या टोकाला वळसा घालून साईडपट्टीवरून जायला लागल्या. म्हणजे ज्यांना वाचवायला बांध घातला, त्यांच्याच अंगावर आम्ही गाड्या वळवल्या.

अर्ज, ठराव, पुन्हा अर्ज यांत जो वेळ जायचा तो गेला. एका फेब्रुवारीत रस्त्याच्या कामाची टोळी आली. मुकादम साठीकडे झुकलेले, अंगात खाकी शर्ट. त्यांनी आल्या आल्या आमचे बांध पहारीने उकरून काढले आणि टेंपोतून प्लायवूडचा एक लांबट फर्मा उतरवला, वरची कड कमानीसारखी कापलेली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक असा असतो: रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची फक्त १० सेंटिमीटर, आणि त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची. ताशी २५ किलोमीटरने गेलं तर गाडी डुलते. त्याहून जोरात गेलं तर चालवणाऱ्याला कळतं.

आमच्यातला एकजण म्हणाला, "मुकादम, एवढुसा? जरा उंच करा की."

"उंच केला की कंबर मोडती दादा, गाडी थांबत न्हाई. लांब पाहिजे."

जुनं डांबर टोकरून खरबरीत केलं, झाडलं, त्यावर पातळ डांबर शिंपडलं. गरम माल पडला. दोघं दाताळ्यांनी ओढत होते आणि मुकादम दर हातभर अंतरावर फर्मा आडवा टेकवून खाली वाकून फट बघत होते. फट दिसली की खोऱ्याभर माल, पुन्हा फर्मा. "डोळा फसवतो सर, फळी न्हाई फसवत." टोकांना पाणी जायला जागा ठेवली आणि मोटारसायकल घुसू नये म्हणून तिथे चुना फासलेले दगड पुरले.

पांढरे पट्टे दुसऱ्या दिवशी आले. हा रंग डब्यातला नसतो. पावडर भट्टीत वितळवतात आणि ढकलगाडीतून अडीच मिलिमीटर जाडीचा थर सोडतात. तो ओला असतानाच वरून बारीक काचेचे मणी पडतात. रात्री गाडीचा उजेड त्या मण्यांवरून उलटा ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. मी चिमूटभर मणी तळहातावर घेऊन बघितले, रव्याएवढे. तेवढ्यावर अंधारात शाळेची जागा ओळखू येते.

एवढं करून टोळी निघाली होती. साईडपट्टी कामात धरलेलीच नव्हती! सरपंच ताईंनी चहा सांगितला, मुकादमांना बसवलं आणि ग्रामपंचायतीने मुरूम टाकायचं कबूल केलं. रोलर आणखी एक दिवस थांबला. फक्कीची रेघ मारली तेव्हा रेघेच्या आत एक वडापावची गाडी, दुकानाच्या दोन पायऱ्या आणि वाळूचा एक ढीग सापडला. वाळू माझी होती. वरच्या खोलीचं काम रेंगाळलं म्हणून आठ महिने तिथे पडलेली. पोरं त्या ढिगाला वळसा घालून डांबरावरून चालत होती आणि मी कट्ट्यावर बसून रस्ता सुरक्षेवर बोलत होतो. दुपारपर्यंत हलवली.

मुरूम थराथराने पडला, टँकरने भिजवला, रोलरने दाबला. वरचा थर डांबराशी एकसपाट, तिथून शेताकडे किंचित ढाळ, पाणी साचू नये म्हणून. मी पुन्हा हात लावला. करंगळीचं पेरसुद्धा उभं राहत नव्हतं.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ नुसती पायी चालत होती. त्यांतल्या किती जणांच्या पायाखाली साईडपट्टी होती हे त्या आकड्यात दिसत नाही.

आता ट्रॉली आली की मुली डांबरावरून मुरमावर जातात आणि परत येतात, बोलणं न तोडता. काठी टेकत देवळात जाणारे आजोबा हल्ली उजव्या कडेने, समोरची गाडी बघत चालतात. पण पहिला वळीव झाला तेव्हा थांब्याजवळ दोन बोटं मुरूम वाहून गेलाच. तो दर वर्षी भरावा लागेल. तुमच्या गावात कार्पेट येणार असेल तर नारळ फोडण्याआधी अंदाजपत्रक मागून घ्या आणि त्यात साईडपट्टीचा मुरूम धरलाय का तेवढं बघा.