रिलेशनल डेटाबेसकडून डॉक्युमेंट डेटाबेसकडे : सातबाऱ्याच्या आधारे स्कीमा-रचनेचे विवेचन

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला डेटाबेसची पहिली ओळख टेबलांच्या द्वारे होते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले. प्रत्येक माहिती एकाच ठिकाणी नोंदवावी आणि गरजेनुसार जॉइनने जोडावी, ही शिस्त त्यातून रुजली. हाच विद्यार्थी पुढे मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसकडे वळला, की एकतर प्रत्येक टेबलाचे स्वतंत्र कलेक्शन करतो किंवा सर्व माहिती एकाच डॉक्युमेंटमध्ये कोंबतो. हे दोन्ही मार्ग सदोष का ठरतात, हे प्रस्तुत लेखात सातबाऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांना हा कागद परिचित असतो. उदाहरण केवळ अध्यापनासाठी घेतले असून शासकीय संगणकप्रणालीचे वर्णन येथे अभिप्रेत नाही.

सातबारा : एक डॉक्युमेंट
सातबारा म्हणजे गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) व गाव नमुना १२ (पिकांची नोंद) यांचा एकत्रित उतारा. रिलेशनल पद्धतीने मांडणी केल्यास गट, खातेदार, हिस्सा, इतर अधिकार व पीक अशी किमान पाच टेबले होतात. उतारा मागणाऱ्यास मात्र ही माहिती एकत्रच हवी असते. म्हणून डॉक्युमेंट-रचनेत पहिला प्रश्न ‘कोणती माहिती आहे?’ हा नसून ‘कोणती माहिती एकत्र वाचली जाते?’ हा असतो. त्यानुसार गट क्रमांक, क्षेत्र, आकार, खातेदारांची यादी आणि बोजासारखे इतर अधिकार एकाच डॉक्युमेंटमध्ये अंतर्भूत करणे योग्य होय.

अंतर्भाव की संदर्भ?
एकत्र वाचले जाते ते सर्वच आत ठेवावे, असे मात्र नाही. खातेदारांची यादी सामान्यतः मर्यादित असते. पिकांची नोंद दरवर्षी, दर हंगामाला वाढत जाते. मोंगोडीबीमध्ये एका डॉक्युमेंटची कमाल मर्यादा १६ मेगाबाइट आहे. शिवाय त्या मर्यादेच्या कितीतरी आधीच वाढती यादी वाचन व लेखन मंदावते. म्हणून गट, वर्ष व हंगाम यांच्या प्रत्येक संयोगासाठी पिकाचे स्वतंत्र डॉक्युमेंट करावे. वऱ्हाडात कपाशीत तुरीचे आंतरपीक घेतले जाते. अशी दोन-तीन पिके त्या डॉक्युमेंटमधील छोट्या यादीत सहज सामावतात. फेरफाराचा तपशीलही बाहेर ठेवून सातबाऱ्यात फक्त त्याचा क्रमांक नोंदवावा. कागदी दप्तरात गाव नमुना ६ ही फेरफार नोंदवही वेगळी असते, ती याच न्यायाने.

पुनरावृत्तीची किंमत :
एकाच खातेदाराची जमीन चार गटांत असल्यास त्याचे नाव चार डॉक्युमेंटांत येते. नॉर्मलायझेशनच्या दृष्टीने हा दोष आहे. डॉक्युमेंट-रचनेत तो जाणीवपूर्वक केलेला व्यवहार असतो. वारसाची नोंद तीन गटांत झाली आणि चौथ्यात राहून गेली, तर त्या शेतकऱ्याचे पीककर्ज अडू शकते. म्हणून खातेदारांचे कलेक्शन प्रमाण मानावे, सातबाऱ्यात खाते क्रमांकासह नावाची प्रत ठेवावी आणि बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करावा. एका डॉक्युमेंटमधील बदल मुळातच अखंड असतो. अनेक डॉक्युमेंटांसाठी ही सोय मोंगोडीबीत २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून आहे. जी माहिती वारंवार वाचली जाते परंतु क्वचित बदलते, तिचीच प्रत ठेवावी. मोबाइल क्रमांक सातबाऱ्यात वाचला जात नाही आणि वारंवार बदलतो. त्याची प्रत ठेवू नये. खातेदारनिहाय गाव नमुना ८-अ काढण्यासाठी खाते क्रमांकावर इंडेक्स पुरेसा ठरतो.

स्कीमा नसतो हा गैरसमज :
डॉक्युमेंट डेटाबेस लवचीक असला तरी नियमविरहित नसतो. क्षेत्र संख्येतच असावे, हंगाम ठरावीक नावांपैकीच असावा, असे नियम कलेक्शनवर घालता येतात. ते न घातल्यास ‘खरीप’ आणि ‘खरिप’ हे दोन वेगळे हंगाम होऊन बसतात.

निष्कर्ष :
रिलेशनल रचना माहितीच्या स्वरूपापासून सुरू होते, तर डॉक्युमेंट रचना तिच्या वापरापासून. त्यामुळे नॉर्मलायझेशनचे ज्ञान निरुपयोगी ठरत नाही. कोणता नियम कोठे व कोणत्या किमतीवर शिथिल करावयाचा, हे तेच सांगते. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून प्रथम वाचनाचे व बदलाचे प्रसंग लिहून घ्यावेत आणि त्यानंतरच कलेक्शनची आखणी करू द्यावी.