बोनान्झा ओढ्यावरचा डिसेंबर

कॅनडाचा युकॉन प्रदेश, 1897 चा हिवाळा. माणूस दुसऱ्याच्या दाव्यावर, म्हणजे सोन्यासाठी नोंदवलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, राबणारा मजूर. मजुरी तासाला दीड डॉलर.

सकाळी 6. ओंडक्यांचं खोपट, फटींत शेवाळ कोंबलेलं. आंबवणाचं भांडं रात्रभर उबेला ठेवलेलं. ते गोठलं तर पाव कसा फुगणार? सोबत उकडलेला घेवडा, तोही मोजून. शरदात नदीचं पाणी उतरलं आणि धान्याच्या बहुतेक बोटी डॉसन गावाला पोचल्याच नाहीत.

सकाळी 8. काळोखच. जमीन बारमाही गोठलेली, कुदळीला दाद देत नाही. म्हणून खड्ड्याच्या तळाशी रात्रभर लाकडं जाळायची. सकाळी धूर निघून जाईपर्यंत थांबायचं. घाई केली तर खाली जीव गुदमरतो. एवढ्या जाळानं मऊ होते जेमतेम फूटभर माती.

सकाळी 9. एक जण खाली, दुसरा वर रहाटावर. वर आलेली माती लगेच पुन्हा दगड होते. सोनं खडकालगतच्या थरात, पंधरा-वीस फूट खाली.

दुपारी 12. परातभर माती खोपटात नेऊन कोमट पाण्यात खळबळवायची. दिसले पिवळे कण तर दिसले. बाकीचा ढीग वसंतात ओढा वाहू लागला की लाकडी पन्हळीतून धुवायचा. तोवर मालकही अंदाजावरच श्रीमंत.

दुपारी 1. लाकूडतोड. चूल, खड्डा, खोपट, पन्हळ, सगळ्याला लाकूडच. मला विचाराल तर इथला निम्मा धंदा कुऱ्हाडीचा होता. बघता बघता डोंगरउतार उघडे पडले.

संध्याकाळी 5. खड्ड्यात पुन्हा लाकडं रचून पेटवायची. सगळं खोरं धुरानं भरतं.

रात्री 8. सोनं आधी कुणाला दिसलं, हा वाद. ऑगस्ट 1896 मध्ये इथं आलेल्या टोळीत कीश नावाचा आदिवासी, त्याची बहीण, तिचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक आणि भाचा होते. शोधाचा दावा नोंदला गेला कारमॅकच्या नावावर. कीशच्या घरचे मात्र सोनं त्यालाच सापडलं म्हणत.

सोनं सापडण्याआधी जवळच्या क्लोंडाइक नदीच्या मुखाशी ट्रॉन्डेक ह्वेचिन या आदिवासी लोकांचा सामन मासे पकडण्याचा तळ होता. गर्दी वाढली तेव्हा त्यांचा प्रमुख आयझॅक आपली माणसं घेऊन युकॉन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला गेला. गाणी आणि नाच त्यानं अलास्कातल्या सोयऱ्यांकडे जपायला दिले. 1990 च्या दशकात त्याचे लोक ते पुन्हा शिकू लागले.