वार्धक्याचा हिशेब आणि पडवीवरचा पोस्टमन

प्रस्तुत लेखकाच्या बालपणी, म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीस, कुडाळजवळच्या आमच्या वाडीत महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पोस्टमन येत असे. मुंबईस नोकरीला असलेल्या काकांनी आजीच्या नावे धाडलेली मनीऑर्डर त्याच्या पिशवीत असे. आजी त्यास पडवीवर बसवी, पाण्याचा तांब्या पुढे करी आणि अंगठा उठविण्यापूर्वी कुपनावरच्या दोन ओळी त्याच्याकडून दोनदा वाचवून घेई. पोस्टाचे कमिशन विसाला एक रुपया, म्हणजे शेकडा पाच. पुढे अर्थशास्त्र शिकू लागल्यावर हा दर मला फारच महाग वाटला होता. त्या पाच टक्क्यांत रकमेबरोबर एक माणूसही घरी येत असे, ही बाब मी हिशेबात धरलीच नव्हती.

आता रक्कम क्षणार्धात खात्यात जमा होते. पैशाची निश्चिती ही वार्धक्यातील पहिली गरज आहे आणि ती भागत असेल तर कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु मनीऑर्डरीवर जगणारा जिल्हा अशी ज्याची ओळख होती, त्या सिंधुदुर्गात आज वृद्धांची अडचण केवळ पैशाची राहिलेली नाही. १ मे १९८१ रोजी जन्मलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती. २०११च्या शिरगणतीत ती ८,४९,६५१ भरली. देशाची लोकसंख्या वाढत असता येथील घटली. याच शिरगणतीत दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आढळल्या. हे आकडे वाडीत फिरताना डोळ्यांना दिसतात. दहा घरांपैकी चारपाचांना कुलूप, ते गणपतीत आणि मे महिन्यात उघडावयाचे. उरलेल्यांत एखादे वयस्क जोडपे, आणि पुष्कळदा एकटी म्हातारी.

एकटेपणा मनाला लागतो हे सांगावयास शास्त्रज्ञांची आवश्यकता नव्हती. तो देहालाही लागतो, हे मात्र त्यांनी मोजून दाखविले. बर्कमन व साइम या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यातल्या सुमारे सात हजार प्रौढांचा १९६५ पासून नऊ वर्षे मागोवा घेतला आणि १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे आप्त, मित्र, संस्था यांच्याशी संबंध अत्यंत विरळ होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण संबंधसमृद्ध माणसांच्या दुपटीहून अधिक निघाले. येथे चाणाक्ष वाचक विचारील की, जो मुळात आजारी तो घरातच बसणार. मग कारण कोणते आणि कार्य कोणते? शंका रास्त आहे. म्हणूनच त्यांनी आरंभीचे आरोग्य, धूम्रपान, आर्थिक स्थिती यांचा हिशेब वेगळा काढून पाहिला. तरीही फरक उरलाच. पुढे २०१० साली अशा १४८ अभ्यासांचे, तीन लाखांहून अधिक माणसांचे, एकत्रित विश्लेषण झाले. त्यातही ज्यांचे संबंध बळकट, त्यांची तगून राहण्याची शक्यता दीडपट आढळली.

यापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो २००३ साली प्रसिद्ध झालेला एक लहानसा अभ्यास. अमेरिकेतील ४२३ वृद्ध दांपत्यांची पाच वर्षे पाहणी केली असता, इतरांकडून मदत घेणाऱ्यांपेक्षा इतरांना मदत देणारे अधिक जगले, असे त्यात दिसले. आपल्या सगळ्या योजना मात्र वृद्धाला घेणारा समजून आखल्या जातात. सरकार त्याला निवृत्तिवेतन देते, मुलगा पैसे देतो, सून औषध देते. त्याच्याकडून कोणी काही घेत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरील रापणीने हे फार पूर्वीच ओळखले होते. होडीतून समुद्रात जाळे वेढून टाकावयाचे आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढावयाचे, या कामात जो पाण्यात उतरू शकत नाही अशा म्हाताऱ्याचेही हात चालतात. दोरास हात लावणाऱ्याच्या पदरी ओंजळभर का होईना, मासळी पडते. ती भीक नव्हे, वाटा होय. पर्ससीन जाळ्यांनी मासळी बाहेरच्या पाण्यातच उचलली जाऊ लागल्यापासून रापण रोडावली. त्या नुकसानीचा हिशेब आम्ही अर्थशास्त्रवाले टनांत करतो.

तथापि जुन्या वाडीचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. जेथे शेजार तेथे भाऊबंदकीही असे. वाळीत टाकण्याची रीत इतकी चिवट की, तिच्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. विधवांची गोष्ट तर याहून विचित्र. स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात, म्हणून वार्धक्यातील एकाकीपणा हा बहुतांशी विधवांच्या वाट्याला येतो. आणि बायकांनी चार घरी जाण्याचे जे हक्काचे निमित्त, त्या हळदीकुंकवातून आपण नेमके त्यांनाच वगळले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. आमच्याकडे कितीजणींच्या कपाळाला त्यानंतर कुंकू लागले, याची चौकशी करावयास मला संकोच वाटतो.

गेल्या पावसाळ्यातली एक घटना. परिचयातील एक वृद्धा मागील दारी शेवाळावर घसरून पडली. परदेशी असलेल्या मुलाने घराला चार कॅमेरे बसविले होते. त्यांत त्याला आई पडलेली दिसली. शंभर पावलांवर घर होते, परंतु गडग्यावरून उभय घरांत बारा वर्षे अबोला, आणि त्या घराचा फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. त्याने मुंबईच्या मित्राला उठविले, मित्राने कुडाळच्या स्टँडवरील एका रिक्षावाल्याला. तो पोहोचेपर्यंत दीड तास गेला. म्हातारीला एकट्याने उचलवेना म्हणून रिक्षावाल्याने गडग्यावरूनच हाक मारली, तशी ‘त्या’ घरची बाई धावत आली. खुब्याचे हाड मोडलेल्या म्हातारीबरोबर दवाखान्यात रात्रभर बसली तीही तीच. गडग्याचा दावा अद्याप चालू आहे. मात्र सकाळी चुलीचा धूर दिसला नाही तर ती बाई आता हाक मारते.

चुलीचा धूर पाहणे ही कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात बसणारी बाब नव्हे. तरी शासनाला काहीच करता येत नाही असे नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला. त्यावर गाडीत कुरकुर ऐकू येते, ‘म्हातारी माणसं उगीच फिरतात’ अशी. माझ्या मते या योजनेचा खरा लाभ त्या ‘उगीच’मध्येच आहे, आणि महामंडळाला भरपाई देताना शासनाने तो आरोग्यावरील खर्च समजून द्यावा. अडचण इतकीच की, अनेक वाड्यांतून गाडीच्या फेऱ्या दोन किंवा तीन. सकाळी गेलेला मनुष्य दुपारपर्यंत स्टँडवर अडकतो आणि तेथे बसावयास पुरेशी बाकेही नसतात.

मागील महिन्यात कुडाळच्या स्टँडवर अशीच एक आजी भेटली. वय विचारले, तर एक्क्याऐंशी म्हणाली. बाजाराला आलात काय, असे मी विचारताच तिने पिशवीतील औषधाची पुडी वर काढून दाखविली. “बाजार खंयचो! शेजारणीचा औषद हाडूक इलंय. तिचो पाय चलना नाय.” शेजारीण तिच्याहून चार वर्षांनी लहान होती.