प्रोसेसरला दिलेली आगाऊ सूचना

स्टुटगार्टजवळच्या बॉबलिंगेनमध्ये आयबीएमने १९५३ साली आपली प्रयोगशाळा थाटली. 'सिस्टिम/३६०' मालिकेतील मॉडेल २० येथेच घडले आणि १९९९ मध्ये मेनफ्रेमवर लिनक्स आणण्याचे कामही येथलेच. बँकांचे व्यवहार वाहणाऱ्या या यंत्रांच्या प्रोसेसरांत २००८ च्या 'झेड१०' पासून 'प्रीफेच डेटा' नावाची एक आज्ञा आहे. संगणकक्षेत्रात वावरणाऱ्या आपल्या वाचकांनी तिची ओळख करून घ्यावी, इतकी ती रंजक आहे.

झेड१० सेकंदाला ४.४ अब्ज ठोके टाकतो. मुख्य स्मृतीतून माहिती यायला १०० नॅनोसेकंद लागतात असे धरले, तर तेवढ्यात ४४० ठोके उलटतात. पंगतीतला जाणता वाढपी पान रिकामे होण्याआधीच भात घेऊन निघतो. त्याचप्रमाणे प्रोग्राम या आज्ञेद्वारे सुचवतो, की अमुक पत्त्यावरील माहिती लवकरच लागेल, ती कॅशमध्ये आणून ठेवावी. माहिती २५६ बाइटच्या ओळीने येते. इंटेलच्या प्रोसेसरांत ही ओळ ६४ बाइटची असते. ही केवळ विनंती असल्यामुळे पत्ता चुकला तरी प्रोग्राम कोसळत नाही.

खरी मौज आज्ञेसोबतच्या संकेतांकात आहे. १ म्हणजे वाचण्यासाठी आणा, २ म्हणजे लिहिण्यासाठी आणा. हा भेद महत्त्वाचा, कारण लिहायचे असेल तर ती ओळ इतर प्रोसेसरांच्या कॅशमधून आधी काढून घ्यावी लागते. ६ आणि ७ हे अंक उलट दिशेचे आहेत. ६ ने लिहिण्याचा हक्क सोडता येतो, पण वाचण्यापुरती प्रत राहते; ७ ने ओळच सोडून दिली जाते. एकाच खात्याची नोंद अनेक प्रोसेसर आळीपाळीने बदलत असतील, तर आपले काम संपताच ओळ मोकळी करणे हा शेजारधर्मच म्हणायचा!

मात्र वाढप्याचा अंदाज चुकला, तर नको असलेला पदार्थ हव्या असलेल्या पदार्थाची जागा अडवतो. लिनक्सच्या गाभ्यात यादी ओलांडताना पुढचा घटक आधीच मागवण्याची प्रथा होती. प्रत्यक्षात बऱ्याच याद्या अगदी आखूड निघाल्या. अनेकदा रिकाम्या पत्त्याचीच मागणी होई आणि ती निस्तरण्यात वेळ जाई. २०११ मध्ये मोजमाप झाले, तेव्हा प्रीफेच काढल्यावरच काम वेगाने होते असे दिसले, आणि लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्या यादी-मॅक्रोंतून तो हटवला. क्रमाने येणारी माहिती ओळखून ती आधीच आणणे हार्डवेअरला स्वतःहून जमते. जीसीसी कंपायलरमधील प्रीफेचची सोय वापरावी ती पत्ते विखुरलेले असूनही प्रोग्रामला बरेच आधी ठाऊक असतील तेथे, आणि तीही वेळ मोजून पाहिल्यावरच.